अलीकडच्या काठावरचा दिवाण

त्र्यंबकराव चारठाणकरांनी आयुष्यात एकच लढाई लढली आणि ती टेबलावर. राक्षसभुवनची. शाळेतला इतिहास ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण ही लढाई समजल्याशिवाय चारठाणकर समजायचे नाहीत. निजाम निम्म्या फौजेनिशी गोदावरी ओलांडून पलीकडे गेला. त्याचा दिवाण उरलेल्या फौजेसह अलीकडच्या काठावर राहिला. नदीला पाणी चढलं आणि तेवढ्यात मराठे आले. निजाम पलीकडून नुसता बघत राहिला, इकडे दिवाण मारला गेला. झालं. आमच्या चारठाणकरांना ह्या दिवाणाला नदीपार न्यायचं होतं. निम्मं आयुष्य त्यांचा हाच उद्योग चालला होता आणि तो उद्योग बघून हसणाऱ्यांत मी पहिला होतो.

आम्ही दोघं येलदरीच्या धरणावर नोकरीला. ते आरेखक, म्हणजे धरणाचे आणि कालव्यांचे नकाशे काढणारे, आणि मी आस्थापनेवर कारकून. कॉलनीत आमची क्वार्टरं शेजारी शेजारी, मधे मेंदीचं कुंपण. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींना चाकूनं काढलेली लांब टोकं. ऑफिसात कुणी बॉलपेननं नकाशावर खूण केली की त्यांचा चेहरा पोटात दुखल्यासारखा व्हायचा. बोलणं कमी. साहेबानं घाई केली तर म्हणायचे, "नदीला घाई हाय का?" आणि पुन्हा मान खाली.

त्यांच्या मेव्हण्यानं एकदा हैदराबादहून, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून, एक इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात फोटो होते. चांगली कोटबूट घातलेली, टक्कल पडलेली माणसं एका मोठ्या टेबलाभोवती उभी, आणि टेबलावर टेकड्या, झाडं, नदी आणि बोटाच्या पेराएवढे शेकडो शिपाई. जुन्या लढाया अशा मांडून, फुटपट्टीनं अंतर मोजून, फासे टाकून, नियमानं खेळतात म्हणे विलायतेत. चारठाणकरांनी ते मासिक डिक्शनरी घेऊन चार महिने वाचलं. मग आपली स्वतःची नियमांची वही मराठीत लिहायला घेतली. ती वही पुढं दोनशे पानांची झाली.

शिपाई आणायचे कुठून? जिंतूरच्या बाजारात प्लास्टिकची बंदूकवाली माणसं मिळत, ती त्यांनी बघूनच खाली ठेवली. धरणावर मासे धरणाऱ्या भोयांच्या जाळ्यांना खाली शिशाचे मणी असतात. जुन्या, फाटलेल्या जाळ्यांचे मणी हे मागून आणायचे, परसात चूल मांडून लोखंडी पळीत वितळवायचे आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायचे. एका साच्यातून पाच-सहा शिपाई निघाले की साचा फुटायचा. मग परत साचा. भोयांना वाटायचं, साहेब जाळी विणतात. शिपाई थंड झाला की कानशीनं घासायचा, रंगवायचा. पागोटं, अंगरखा, कमरेचा शेला, घोड्याचा लगाम. सगळ्यात शेवटी डोळे. तीन केसांच्या कुंचल्यानं, श्वास धरून. अशा वेळी मी कुंपणावरून हाक मारली तर घरातून आवाज यायचा, "थांबा, डोळा काढायलोय." मी पाचेक मिनिटं मेंदीची पानं तोडत उभा राहायचो.

जमीन मात्र त्यांनी आमच्या धंद्यातल्या रीतीनं केली होती. समपातळीच्या रेषांप्रमाणे प्लायवुड कापून, थरावर थर चढवून. राक्षसभुवनला ते चार वेळा जाऊन आले, काठावरून चालले, गावातल्या म्हाताऱ्यांना उतार विचारले. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. त्यांच्या नियमात दर खेपेला नदीसाठी वेगळा फासा टाकावा लागे, पाणी किती चढलं ते ठरवायला. हा फासा फार दुष्ट होता. मी म्हणालो, जरा सोपा करा की. ते म्हणाले, "फौजेचं मला पुस्तकातून कळलं. पाणी कसं चढतं ते मला ठाऊक हाय."

कॉलनीत अर्थातच टवाळी चालायची. चारठाणकरांच्या महालक्ष्म्या बारा महिने बसलेल्या असतात, असं बायका म्हणत. एका वर्षी खरोखरच महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी सुशीलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, थोडे हत्ती-घोडे मागितले. ह्यांनी दिले, पण स्वतः मांडून दिले, घोडदळ कडेला, हत्ती मधे, तोफा पुढं. हळदीकुंकवाला आलेल्या कुणा म्हातारीनं हत्तीवर बसलेल्या दिवाणाला देव समजून कुंकू लावलं. वहिनी घाबरल्या. ह्यांनी ते पुसलं नाही. "राहू दे," म्हणाले, "त्याला आशीर्वाद द्यायला दुसरं कोण येणार हाय?" आम्ही हसलो.

दिवाणाचाच पक्ष का, हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला. आपल्या मराठवाड्यात निजामाचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या येतात, त्यात गैर काही नाही. मुक्तिदिनाच्या प्रदर्शनासाठी एका शाळेनं त्यांचं टेबल मागून नेलं. मांडामांड झाली आणि मुख्याध्यापक म्हणाले, दिवाण आधीच पडलेला दाखवा, पोरांना बरं वाटेल. चारठाणकरांनी काही वाद घातला नाही. एकेक शिपाई उचलून कापसात गुंडाळला, तीन तास लागले, आणि सगळं हातगाडीवर घालून घरी आणलं. मला पुढं म्हणाले, "मराठ्यांचं काय, ते जिंकलेलेच हायत. त्यांना माझी गरज न्हाई. डोकं लागतं ते ह्याला." आणि बोटानं दिवाणाच्या हत्तीवर टिचकी मारली.

ह्या खेळाला समोर माणूस लागतो. शंभर माणसांच्या कॉलनीत त्यांना एक मी मिळालो, तोही शेजारी म्हणून. रविवारी जेवणं झाली की मी मराठ्यांच्या बाजूनं बसायचो. त्यांची रीत अशी, की हुकूम तोंडी द्यायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, आपापल्या डब्यात टाकायचा. दोघांच्या चिठ्ठ्या पडल्या की उघडायच्या आणि लिहिलंय तसंच फौजा हलवायच्या. लिहिलेलं बदलता येत नाही. आणि लढाई संपली की एकमेकांच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायच्या. हा त्यांना खेळाचा सगळ्यात मोठा भाग वाटायचा. कुठं चुकलो, कुठं फसवलं, सगळं तिथं कळतं. दिवाण दर वेळी मरायचा. चिठ्ठ्या वाचून झाल्या की चारठाणकर शांतपणे वहीत दोन ओळी लिहायचे आणि वहिनी चहा आणायच्या.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका रविवारी ते असे काही खेळले, की मला विश्वास बसेना. तोफा सोडून दिल्या, सामान सोडून दिलं, पायदळाची एक तुकडी बळी दिली आणि दिवाण उतारापर्यंत आणला. नदीचा फासाही त्या दिवशी बरा पडला. आता माझं घोडदळ उताराच्या कडेलाच उभं होतं. मला फक्त 'पुढे चला' लिहायचं होतं. मी वर पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ हलत होते. मी 'जागेवर थांबा' असं लिहून चिठ्ठी डब्यात टाकली.

दिवाण पार झाला. चारठाणकर खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले. वहिनींना हाक मारली, त्यांना टेबल दाखवलं. त्या माणसाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग चिठ्ठ्या वाचायला बसले. माझ्या त्या चिठ्ठीवर थांबले.

"इथं थांबलात का?"

"सुचलं नाही."

त्यांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली. म्हणाले, "मी तुमाला दुश्मन म्हणून बसवलं होतं, सोनटक्के. दया करायला घरात बायको हाय."

त्यानंतर त्यांनी मला कधीच समोर बसवलं नाही. बोलणं-चालणं होतं, जाणं-येणं होतं, दिवाळीचा फराळ मेंदीवरून इकडंतिकडं जायचा. पण रविवारी मला हाक आली नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. शिशाच्या बाहुल्यांसाठी एवढा ताठा? मी चांगुलपणानंच केलं होतं. आणि माणूस चांगुलपणानं केलेल्या गोष्टीची माफी मागत नाही, हीच तर गोम आहे. मी मागितली नाही.

निवृत्त होऊन ते पाथरीला घर बांधून राहिले. मी काही वर्षांनी परभणीत आलो. तीन-चार महिन्यांनी एसटीनं मानवतवरून पाथरीला चक्कर मारायचो. पुढची खोली टेबलानंच भरलेली. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, एक लाकडी, एक लोखंडी, आणि दोन डबे, एकाला लाल झाकण, दुसऱ्याला पांढरं. ते आता दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत होते. लाकडी खुर्चीत बसून दिवाणाचा हुकूम लिहायचा, लाल डब्यात टाकायचा. मग चपला घालून बाहेर पडायचं आणि एकोणतीसचा पाढा म्हणत पेठेपर्यंत फेरी मारायची, लिहिलेलं डोक्यातून जावं म्हणून. परत येऊन लोखंडी खुर्चीत मराठे होऊन बसायचं. "विसरणं लय कष्टाचं काम हाय," ते मला म्हणाले. "पाढा संपतो, पण लिहिलेलं जात न्हाई. हातात चिठ्ठी घेतली की दिवाण काय करणार ते दिसायलंय. मग मराठ्यांकडून मी मुद्दाम चूक करतो का काय, असं वाटतं." अशा रीतीनं दिवाण दोन-तीनदा पार झालाही होता. त्यांनी ते वहीत धरलं नव्हतं. मी एकदा विचारलं, बसू का समोर. "राहू द्या," म्हणाले.

मग तीन वर्षांपूर्वीची एक भेट. दारातच माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. डोळ्यांत चमक. "सोनटक्के, आता जमायलंय."

"काय जमायलंय?"

"विसरणं. लोखंडी खुर्चीत बसलो की दिवाणाचं काहीच ठाऊक न्हाई. कालचा हुकूम काय, परवाचा काय, काही न्हाई. पाढा बी म्हणावा लागत न्हाई. खरोखर दोघं खेळायलेत."

मी त्यांचं अभिनंदन केलं. ह्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. टाळी दिली त्यांना. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, परवा भाजीला गेले अन् ऑटोवाल्यानं आणून सोडलं. गल्लीचं नाव सांगता येईना." मी म्हणालो, वय झालं वहिनी, माझंही होतं असं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गॅस बारीक केला.

परभणीच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, हा हळूहळू वाढत जाणार हेही सांगितलं. चारठाणकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "हुकूम लिहिता येईल असं अजून किती दिवस?" डॉक्टरांना वाटलं हे मोठे अधिकारी असावेत. म्हणाले, सह्या वगैरे आता मुलांना करू द्या. बाहेर आल्यावर मी हसलो. ते हसले नाहीत. परतीच्या वाटेवर मानवत आलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे ते माझं जमणं न्हवतंच." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर त्यांनी खेळाचा सपाटा लावला. सकाळ-दुपार टेबलावर. आंघोळीला उठवावं लागे. ज्याला जन्मात घाई ठाऊक नव्हती तो माणूस जेवताना हातात घास धरून पुढच्या खोलीत पाहायचा. वहिनी फोनवर सांगायच्या. चारठाणकरांना दिवाणाला पार न्यायचं होतं, खरोखरीचं, आणि तेही डोकं आहे तोवर. आणि जितकं डोकं कमी होईल तितका समोरचा दुश्मन खरा होत जाणार होता. हा हिशेब त्यांनी स्वतःशी मांडला असणार. मला तो उशिरा कळला.

पुढच्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. स्वतःचा, वहिनींनी लावून दिलेला. "उतरला," म्हणाले. "सोनटक्के, दिवाण उतरला. या. चिठ्ठ्या वाचायला माणूस पाहिजे."

मी मिळेल त्या जीपनं गेलो. टेबलावर दिवाणाचा हत्ती पलीकडच्या काठावर उभा होता, मागं त्याची राहिलेली माणसं. चारठाणकर धुतलेला सदरा घालून लाकडी खुर्चीत बसले होते. मला त्यांनी लोखंडी खुर्ची दाखवली. इतक्या वर्षांनी मी त्या बाजूला बसलो. मी लाल डबा उघडला आणि दिवाणाच्या सात चिठ्ठ्या वाचल्या. अक्षर थोडं हललेलं, पण आरेखकाचंच. तोफा सोडून द्याव्या. हत्ती आधी न्यावा. मागं बघू नये. ते डोळे मिटून मान हलवत होते. मग मी पांढरा डबा उघडला, मराठ्यांचा.

पहिली चिठ्ठी काढली. 'दिवाणानं उताराकडे चालावं,' असं लिहिलं होतं. दुसरीत तेच, दुसऱ्या शब्दांत. मी टेबलाकडं नीट पाहिलं. मराठ्यांचं सगळं घोडदळ मांडलं होतं तिथंच उभं होतं, बोटभरही हललेलं नव्हतं. लोखंडी खुर्चीत बसूनही ते दिवाणच होते. आपण बाजू बदलली हेच ते विसरले होते.

"वाचा की," ते म्हणाले.

मी वाचलं. म्हणजे जे लिहिलं नव्हतं ते वाचलं. मराठ्यांनी डावीकडून घोडदळ टाकावं, म्हणालो. पायदळानं काठ धरावा. माझा आवाज नेहमीसारखा असावा अशी खटपट केली. तिसऱ्या चिठ्ठीला त्यांनी डोळे उघडले आणि हात पुढं केला. कागद स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात कशाला मान्यता दिली नव्हती. मी चिठ्ठी दिली. त्यांनी बाकीच्याही मागून घेतल्या आणि सगळ्या टेबलाच्या कडेला दोन ओळींत लावल्या. खालून वर, वरून खाली, पुन्हा पुन्हा वाचल्या.

"म्हणजे समोर कोणीच न्हवतं," ते म्हणाले.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग ते माझ्याकडं वळले. त्या घटकेला ते पूर्ण शुद्धीवर होते, अगदी पूर्वीचे चारठाणकर.

"अन् तुमी परत तेच केलंत."

त्या दिवशी घरी येताना मी मनाशी ठरवलं, की आता आपण खेळायचं. खरं खेळायचं. पण ठरवण्यात आणि जाण्यात सात महिने गेले. माझं मोतिबिंदूचं ऑपरेशन, घरातलं एक लग्न. कारणं काय, असतातच. खरं कारण असं, की मला त्यांच्या तोंडासमोर जायची भीती वाटत होती. वहिनी फोनवर सांगत, टेबल आवरू देत नाहीत, पण हातही लावत नाहीत. नुसते बसतात.

शेवटी गेलो. ते लाकडी खुर्चीतच होते. दाढी वाढलेली, खिसा रिकामा, पेन्सिली काढून घेतलेल्या, कारण ते टोकं चावायचे. मला नमस्कार केला, पाहुण्याला करावा तसा. मी सगळ्या फौजा पहिल्या जागेवर मांडल्या. वहीतून नियम काढून वाचले. त्यांच्यासमोर कागदाचा तुकडा आणि पेन्सिल ठेवली आणि लोखंडी खुर्चीत बसून माझा हुकूम लिहिला. मला येत होता त्यातला सगळ्यात कठोर हुकूम. नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबलो. त्यांचा कागद कोराच राहिला. वहीत लिहिलं आहे, की हुकूम नाही तर फौज जागेवर. मी घोडदळ पुढं टाकलं. नदीचा फासा टाकला, पाणी चढलं. दुसरी खेप, तिसरी खेप. प्रत्येक चाल मी मोठ्यानं सांगत होतो, उतार बंद केला, डावी बाजू कापली. ते माझ्या हातांकडं लक्ष देऊन बघत होते. माझे डोळे भरून आले होते, तरी मी थांबलो नाही. एवढीच गोष्ट त्यांनी माझ्याकडं मागितली होती आणि ती मी आता देत होतो.

पाचव्या खेपेला दिवाण सापडला. मेलेला सरदार काढून घ्यायचा नाही, जागेवर आडवा करून ठेवायचा, असा नियम. मी हत्ती आडवा केला आणि हात मागं घेतला.

चारठाणकर पुढं वाकले. दोन बोटांनी, अगदी हळूच, त्यांनी तो हत्ती उचलून उभा केला. नीट उभा राहतोय का ते पाहिलं. मग माझ्याकडं बघून अदबीनं म्हणाले, "पडला होता."

मी हो म्हणालो.